अमेरिकेत रिसर्च ग्रँट घेताना परदेशी संबंध कुठे, कधी आणि किती सांगायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न सारखे येतात, आणि बहुतेक वेळा प्रपोजल सबमिट करायच्या आदल्या रात्री येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवलंय. भर एनआयएच (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी एजन्सी) आणि एनएसएफवर (मूलभूत विज्ञानाला पैसे देणारी) आहे, बाकी एजन्सींचं प्रश्न १८ मध्ये थोडंसं आहे. तुमच्या युनिव्हर्सिटीचे नियम याहून कडक असतील तर अर्थातच ते आधी पाळायचे.

१. डिस्क्लोजर डिस्क्लोजर म्हणतात ते, म्हणजे आपले बाहेरचे संबंध जाहीर करणं, नक्की कुठे लिहायचं असतं? एकच फॉर्म आहे का?

एकच असता तर हे पान लिहावंच लागलं नसतं. ढोबळमानाने तीन जागा आहेत. पहिली बायोस्केच, म्हणजे तुम्ही कोण आणि कुठेकुठे कुठल्या पदावर आहात. दुसरी जागा म्हणजे चालू आणि होऊ घातलेल्या मदतीची यादी, तिला एनआयएचवाले अदर सपोर्ट म्हणतात आणि एनएसएफवाले करंट अँड पेंडिंग सपोर्ट, यात पैसा, वस्तू, माणसं आणि तुमचा वेळ हे सगळं येतं. तिसरी तुमच्या युनिव्हर्सिटीचा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (हितसंबंधांचा संघर्ष) आणि आउटसाइड ॲक्टिव्हिटीचा (बाहेरची कामं) फॉर्म. याशिवाय प्रोजेक्टचा काही भाग परदेशात होणार असेल तर तो खुद्द प्रपोजलमध्ये दाखवायचा (प्रश्न ८). एका ठिकाणी लिहिलं म्हणजे दुसरीकडे आपोआप पोचतं असं अजिबात नाहीये, या तीन जागा बघणारी ऑफिसेस बऱ्याचदा एकमेकांशी बोलतही नाहीत.

वेळेचा फरक लक्षात ठेवा. एनएसएफला ही यादी प्रपोजलसोबतच लागते, एनआयएच अदर सपोर्ट मागतं ते ग्रँट मिळायची चिन्हं दिसल्यावर, जस्ट इन टाइमच्या टप्प्यावर. आणि मग दरवर्षीच्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये काय बदललं ते परत सांगायचं असतंच.

२. आमच्या गाइडच्या काळी असलं काही नव्हतं. हे अचानक कुठून आलं?

नियम बरेचसे जुनेच आहेत, अंमलबजावणी नवी आहे. २०१८ पासून एनआयएचने युनिव्हर्सिट्यांना पत्रं पाठवायला सुरुवात केली, की तुमच्या अमुक प्राध्यापकाच्या पेपरमध्ये परदेशी ग्रँटचे आभार मानलेत पण आमच्याकडे त्याची नोंद नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्याय खात्याने चायना इनिशिएटिव्ह, म्हणजे चीनशी लपवलेल्या संबंधांवर खटले भरायची मोहीम, सुरू केलं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं. मधल्या काळात, १४ जानेवारी २०२१ ला, एनएसपीएम-३३ नावाचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, त्यात सगळ्या एजन्सींनी एकसारखी माहिती मागावी असं ठरलं, आणि ९ ऑगस्ट २०२२ ला चिप्स अँड सायन्स ॲक्टवर सही झाल्यावर यातल्या बऱ्याच गोष्टी थेट कायद्यात आल्या. आता जे कॉमन फॉर्म्स सायएनसीव्ही या ऑनलाइन सिस्टिममध्ये भरावे लागतात ते त्याच आदेशाचं फळ. एनएसएफने ते आधी आणले, एनआयएचने जानेवारी २०२६ पासून.

३. भारतातल्या एका इन्स्टिट्यूटने मला मानद प्राध्यापक केलंय. एक पैसा मिळत नाही, वर्षातून एक लेक्चर देतो. हे कशाला लिहायचं?

लिहायचंच. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त घोळ पण इथेच होतात, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की पैसा आला तरच सांगायचं. नियमाची भाषा अगदी उलटी आहे. पदाला काही नाव असेल, मग ते ॲडजंक्ट असो, व्हिजिटिंग असो, मानद असो, पूर्ण वेळ की अर्धवेळ की फुकट, मानधन मिळो ना मिळो, देशात असो की परदेशात, ते बायोस्केचमध्ये यायला पाहिजे.

यामागचा विचार समजला की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एजन्सीला तुमच्या खात्यात किती आले यात फारसा रस नाहीये. त्यांना बघायचं असतं की या माणसाचा वेळ आधीच कोणाला दिलेला आहे का, हेच काम दुसरं कोणी पण फंड करतंय का, आणि याची कोणाशी बांधिलकी आहे का जी आमच्या प्रोजेक्टच्या आड येईल. मानद पदावर पगार नसतो पण वेबसाइटवर नाव असतं, कधी लॅबची जागा असते, कधी त्यांच्या रँकिंगसाठी तुमचे पेपर मोजले जातात. सो पद असेल तर बायोस्केच, आणि त्या पदासोबत पैसा, जागा, माणसं किंवा ठरलेला वेळ असेल तर दुसऱ्या यादीत पण. दोन्हीकडे लिहावं लागणं यात काही विचित्र नाही.

४. पण भारत तर त्या धोक्याच्या देशांच्या यादीत नाही ना?

नाही. चिप्स ॲक्टमध्ये ज्यांना फॉरेन कंट्री ऑफ कन्सर्न म्हटलंय ते चार देश म्हणजे चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया. पण ही यादी बंदीसाठी आहे, डिस्क्लोजरसाठी नाही. सांगायचं सगळ्या देशांबद्दल असतं, भारत, जर्मनी, जपान, सिंगापूर, सगळे आले, इतकंच काय अमेरिकेतली दुसरी युनिव्हर्सिटी असली तरी सांगायचं असतं. "इंडिया इज फाइन" हे वाक्य डिपार्टमेंटमधले सिनियर लोक पण बिनधास्त टाकतात, त्यांचं ऐकू नका.

५. मी पोस्टडॉक आहे. पीएचडी करणारी पण विचारतायत. आम्हाला हे लागू आहे का?

ग्रँटवर सिनियर किंवा की पर्सन (प्रोजेक्टमधली मुख्य माणसं) म्हणून तुमचं नाव असेल तर लागू. साध्या पोस्टडॉकला किंवा विद्यार्थ्याला हे फॉर्म सहसा भरावे लागत नाहीत. पण तुमचा पगार जर परदेशातली फेलोशिप देत असेल, म्हणजे तिकडच्या सरकारने दोन वर्षांसाठी पाठवलंय वगैरे, तर तुम्ही तुमच्या पीआयच्या (ग्रँटचा मुख्य संशोधक) यादीत येता. बाहेरून पैसे मिळणारा पोस्टडॉक किंवा विद्यार्थी ही एनआयएचच्या हिशोबाने पीआयला मिळालेली मदत आहे. म्हणून जॉइन होतानाच पीआयला स्पष्ट सांगा की पैसे कोण देतंय, त्याला माहीतच नसलं तर तो लिहिणार कुठून.

६. मी भारतातल्या कॉलेजातून लिएनवर आलोय. पगार बंद आहे पण पोस्ट माझ्या नावावर आहे. ही अपॉइंटमेंट धरायची का?

हो, धरायची. पोस्ट तुमच्या नावावर आहे म्हणजे अपॉइंटमेंट चालू आहे, बिनपगारी रजेवर असलात तरी. बायोस्केचमध्ये तारखांसकट लिहा, आणि रजेवर आहे हेही सांगा.

खरी गोम वेगळीच असते. भारतात असताना तिकडच्या सरकारी फंडिंग संस्थेकडून मिळालेला प्रोजेक्ट, एसईआरबीचा (आता एएनआरएफ), डीबीटीचा किंवा आयसीएमआरचा, अजून संपलेला नसतो आणि कागदावर पीआय म्हणून तुमचंच नाव असतं, काम एखादा कलीग बघत असतो. तो प्रोजेक्ट चालू मदतीच्या यादीत यायलाच हवा, तुमचे जे काही पर्सन मंथ्स (वर्षातून त्या कामाला दिलेले महिने) असतील त्यांच्यासकट. नाव काढून घेता येत असेल तर इकडे प्रपोजल टाकायच्या आधी रीतसर काढून घ्या आणि ते पत्र जपून ठेवा.

७. तिकडच्या एका पीएचडी विद्यार्थ्याची मी को-गाइड आहे. हे पण?

नुसतं मार्गदर्शन करणं, शिफारसपत्र लिहून देणं ही नेहमीची शैक्षणिक कामं आहेत आणि चिप्स ॲक्टखालच्या व्याख्येत ती टॅलेंट प्रोग्रॅममध्ये (परदेशी सरकारांच्या संशोधक ओढून घ्यायच्या योजना) धरलेलीच नाहीत. पण त्या युनिव्हर्सिटीने तुम्हाला मान्यताप्राप्त गाइड म्हणून पत्र दिलं असेल, नियुक्तीची मुदत वगैरे त्यात असेल, तर ते पद झालं आणि मग प्रश्न ३ चं उत्तर लागू. आणि त्या विद्यार्थ्याचं काम तुमच्या ग्रँटच्या विषयातच असेल तर ८ पण वाचा.

८. मित्रासोबत नुसता एक पेपर लिहितोय, तो पुण्यात, मी इकडे. हे पण कोलॅबरेशन म्हणून जाहीर करायचं?

हे कोणाच्या ग्रँटवर चाललंय त्यावर आहे.

एनआयएचची ग्रँट असेल तर विचारायचा प्रश्न म्हणजे प्रोजेक्टचा महत्त्वाचा वैज्ञानिक भाग अमेरिकेबाहेर होतोय का. होत असेल तर त्याला फॉरेन कंपोनंट म्हणतात आणि त्यात ग्रँटचा एक डॉलरसुद्धा बाहेर गेला नसला तरी तो फॉरेन कंपोनंटच असतो. परदेशात माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग, तिथे जाऊन मोठ्या प्रमाणावर डेटा किंवा सॅम्पल गोळा करणं, हे तर उघडच आहे. पण ज्या सहकार्यातून एकत्र पेपर होणार आहे, तिथलं उपकरण वापरलं जाणार आहे, तिथून काही मदत येणार आहे, ही पण उदाहरणं एनआयएचने स्वतः दिलेली आहेत. म्हणजे मित्राने तुमच्या आर-०१ (एनआयएचची नेहमीची रिसर्च ग्रँट) मधला डेटा ॲनॅलाइज केला आणि तो ऑथर होणार असेल, तर विचारणं भाग आहे. उलट नुसता सल्ला घ्यायला तिकडे जाऊन आलात तर तेवढ्याने फॉरेन कंपोनंट होत नाही.

पेपरचा तुमच्या ग्रँटशी काहीच संबंध नसेल, तुमच्या मोकळ्या वेळात जुना डेटा लिहून काढताय, तर फॉरेन कंपोनंटचा प्रश्नच नाही. पण त्याला तिकडून ग्रँट आहे आणि तिच्यात तुमचं नाव को-पीआय म्हणून आहे का हे एकदा त्याला विचाराच, कारण कौतुकाने न विचारता नाव टाकणारे मित्र असतात.

एनएसएफमध्ये परदेशात काम होणार असेल तर कव्हर शीटवर देशाचं नाव टाकावं लागतं. शिवाय कोलॅबरेटर्सची वेगळी यादी असते, त्यात गेल्या ४८ महिन्यांतले को-ऑथर येतात, पण ती मुख्यतः रिव्ह्यूअर निवडताना हितसंबंध टाळायला असते. त्या यादीत नाव घातलं म्हणजे डिस्क्लोजर झालं असं समजणारे खूप जण भेटतात.

९. ग्रँट मिळाल्यावर मधेच परदेशी पार्टनर घ्यायचा ठरला तर?

एनआयएचची आधी परवानगी घ्यावी लागते, नंतर रिपोर्टमध्ये सांगून चालत नाही. आणि पार्टनरला पैसे द्यायचे असतील तर अजून एक गोष्ट: १ मे २०२५ ला एनआयएचने जाहीर केलं की परदेशी संस्थांना जुन्या पद्धतीने सबअवॉर्ड (ग्रँटमधला वाटा) देणं थांबवतोय आणि त्यासाठी वेगळी रचना आणतोय. त्यामुळे जुन्या ग्रँटचं बजेट बघून त्याच धर्तीवर नवीन बजेट करू नका, प्रोग्रॅम ऑफिसरशी (एजन्सीतला तुमची ग्रँट बघणारा अधिकारी) आधी बोला.

१०. वैभव फेलोशिप, वज्र, ग्यान यातलं काही घेतलं तर अडचण येईल का?

घ्यायला सहसा अडचण नाही, न सांगता घ्यायला आहे.

वैभव भारत सरकारच्या डीएसटीची (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) आहे, परदेशातल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांसाठी, वर्षातून एक ते दोन महिने, तीन वर्षांपर्यंत. वज्र २०१७ ला आली, एसईआरबीची, त्यात ॲडजंक्ट म्हणून वर्षाला एक ते तीन महिने तिकडे राहायचं. दोन्हीत परदेशी सरकार पैसे देतंय, तुमचा ठरलेला वेळ घेतंय आणि वर पद पण देतंय, म्हणजे परदेशी सरकारच्या टॅलेंट प्रोग्रॅमची जी रुंद व्याख्या आहे तिच्यात या बसतात असं धरूनच चाला. यादीत लिहा, महिने लिहा, पद बायोस्केचमध्ये लिहा, आणि सही करायच्या आधी युनिव्हर्सिटीची लेखी परवानगी घ्या. कागदावर नियम तसा नसला तरी मी म्हणेन की फेलोशिपचा अर्ज करायच्या आधीच घ्या, कारण निवड झाल्यावर नाही म्हणणं दोन्हीकडे अवघड होतं.

ग्यान जरा वेगळं, तिथे आठवडा दोन आठवड्यांचा कोर्स शिकवायचा असतो, रिसर्च नसतो. पण मानधन परदेशी संस्थेकडून येतं त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये ते येणार. एनआयएचच्या हितसंबंधाच्या नियमात अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या लेक्चरच्या मानधनाला जी सूट आहे ती परदेशी युनिव्हर्सिटीला नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. वर्षभरात एका संस्थेकडून ५,००० डॉलरच्या वर गेलं की सांगायचं, प्रवासखर्चाचे नियम पण त्यातच बघा.

११. 'मी मलाइन टॅलेंट प्रोग्रॅममध्ये नाही' यावर सही मागतात. वैभव घेतलेली असेल तर ही सही खोटी ठरेल का?

नाही. मलाइन, म्हणजे घातक, ठरायला दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, करारात आक्षेपार्ह अटी, जसं की इथलं संशोधन किंवा आयपी (बौद्धिक संपदा) परवानगीशिवाय तिकडे देणं, इतरांना भरती करून आणणं, करार सोडता न येणं, इथल्या संस्थेचं नाव पेपरमधून वगळणं, किंवा हा करार कोणाला सांगू नका असं बजावणं. आणि दोन, प्रोग्रॅम प्रश्न ४ मधल्या चार देशांपैकी कोणाचा तरी असणं, किंवा संरक्षण खात्याच्या यादीतल्या संस्थेचा किंवा प्रोग्रॅमचा असणं. भारतीय सरकारी फेलोशिप दुसऱ्या अटीत बसत नाही.

एनएसएफने ही सही मे २०२४ पासून सुरू केली, प्रपोजलच्या वेळी सगळ्या की पर्सन्सची, आणि ग्रँट मिळाल्यावर पीआय आणि को-पीआयची दरवर्षी. ती तुमची स्वतःची सही आहे, ऑफिसमधल्या कोणी तुमच्या वतीने टिक करायची गोष्ट नाही. तरीसुद्धा करार एकदा वाचाच. भारतीय संस्थांच्या पत्रात सुद्धा कधीकधी "सगळी आयपी संस्थेची राहील" असं एक सरसकट वाक्य असतं, ते तुमच्या युनिव्हर्सिटीच्या आयपी पॉलिसीशी भांडणारं असतं, आणि विचारलं तर ते बदलून द्यायला सहसा कोणाची ना नसते.

१२. परदेशात कॉन्फरन्सला बोलावलं, तिकीट आणि हॉटेल त्यांनी दिलं. लिहायचं?

एनएसएफच्या यादीत नाही, कॉन्फरन्स किंवा वर्कशॉपचा प्रवासखर्च त्यांनी वगळलाय. पण त्याच तिकिटावर पुढे तीन आठवडे थांबून तिथल्या लॅबमध्ये काम केलंत तर तो रिसर्चसाठीचा प्रवास झाला, वेळ गुंतला, मग लिहायचं. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मचं वेगळं, तिथे बहुतेक वेळा प्रायोजित प्रवास सांगावा लागतो.

१३. माझी अपॉइंटमेंट ९ महिन्यांची आहे. उन्हाळ्याचे तीन महिने माझे, मी कुठेही काम करीन, युनिव्हर्सिटीचा काय संबंध?

युनिव्हर्सिटीचा पगाराशी संबंध नसेल, एजन्सीचा तुमच्या वेळेशी आहे. मदत युनिव्हर्सिटीमार्फत आली की थेट तुमच्या हातात, याने काही फरक पडत नाही असं नियमात स्पष्ट आहे. आणि वर्षाचे महिने बारा असतात. दोन महिने समर सॅलरी ग्रँटवर दाखवली, दोन महिने भारतात फेलोशिपवर दाखवले, तर नऊ अधिक चार तेरा होतात, आणि हे गणित ग्रँट ऑफिसातली बाई एका मिनिटात मांडून दाखवते. म्हणून आधी सगळे पर्सन मंथ्स एका कागदावर मांडा आणि मगच हो म्हणा.

१४. तिकडच्या लॅबने सिक्वेन्सिंग फुकट करून दिलं. ही गिफ्ट झाली ना?

गिफ्ट तेव्हाच, जेव्हा बदल्यात काहीच अपेक्षित नसतं, वेळ नाही, काम नाही, डेटा नाही, पेपरवर नाव नाही. इथे त्यांना ऑथरशिप मिळणार आहे, मग गिफ्ट कसली? ही वस्तुरूप मदत, इन-काइंड. ती याच प्रोजेक्टसाठी असेल तर प्रपोजलमध्ये फॅसिलिटीज आणि इतर रिसोर्सेसच्या भागात दाखवा. तुमच्या दुसऱ्या कामासाठी असेल तर सपोर्टच्या यादीत, एनएसएफला अंदाजे किंमत ५,००० डॉलर किंवा जास्त असेल आणि तुमचा वेळ लागत असेल तर. किंमत माहीत नसेल तर अंदाज लिहा आणि तो कसा काढला ते आपल्या फाइलमध्ये ठेवा.

स्वतःची स्कॉलरशिप घेऊन येणारा व्हिजिटिंग स्कॉलर पण याच डोक्याने बघायचा, प्रश्न ५ मध्ये आलंय ते.

१५. अर्ज केलाय, अजून मिळालेलं काही नाही. मिळाल्यावर सांगितलं तर?

त्यालाच पेंडिंग म्हणतात आणि यादीच्या नावातच ते आहे. अर्ज गेला त्या दिवसापासून लिहायचं, भारतातल्या एजन्सीला केलेला असला तरी.

१६. कन्सल्टिंग आणि स्टार्टअपचं काय?

एनएसएफमध्ये युनिव्हर्सिटीच्या आउटसाइड ॲक्टिव्हिटीच्या नियमात बसणारं, परवानगी असलेलं कन्सल्टिंग यादीत लागत नाही, त्या पलीकडचं लागतं. एनआयएचमध्ये त्या कन्सल्टिंगमध्ये तुम्ही प्रत्यक्ष रिसर्च करणार असाल तर लिहायचं, कंपनीने त्याला काहीही नाव दिलेलं असो. स्टार्टअप युनिव्हर्सिटीने लायसन्स न दिलेल्या आयपीवर उभं असेल तर तेही यादीत. नवीन जॉब लागताना तुमच्याच युनिव्हर्सिटीने दिलेलं स्टार्टअप पॅकेज (लॅब उभी करायचे पैसे) लिहावं लागत नाही, पण दुसऱ्या कुठल्या संस्थेकडून तसं पॅकेज मिळालं असेल तर लागतं.

१७. कराराच्या प्रती पण द्याव्या लागतात असं ऐकलं, खरंय?

एनआयएचसाठी खरं आहे, जानेवारी २०२२ पासून. परदेशी नेमणूक किंवा परदेशी मदत असेल तर त्याचा करार, नेमणूकपत्र, जे असेल ते अदर सपोर्टसोबत जोडायचं, इंग्रजीत नसेल तर भाषांतरासकट. भारतातली पत्रं बहुतेक इंग्रजीतच असतात, पण राज्य सरकारच्या संस्थेचं मराठी पत्र असेल तर भाषांतर आधीच करून ठेवा. आणि काहीच लेखी नसेल, सगळं फोनवर ठरलेलं असेल, तर आता तरी एक साधं पत्र मागून घ्या ज्यात पद, मुदत, वेळ आणि मानधन आहे किंवा नाही हे लिहिलेलं असेल.

१८. नासा, डीओई (ऊर्जा खातं), संरक्षण खातं, यांचं काही वेगळं आहे का?

आहे. नासाला २०११ पासून वुल्फ अमेंडमेंट लागू आहे, त्यांच्या पैशातून चीनशी किंवा चिनी मालकीच्या कंपनीशी द्विपक्षीय काम करता येत नाही, इथे नुसतं जाहीर करून सुटका नाही. संरक्षण खात्याने २०२३ मध्ये मूलभूत संशोधनाच्या प्रपोजल्ससाठी रिस्क मॅट्रिक्स, म्हणजे धोका मोजायचा तक्ता, काढलं, त्यात जुने संबंध पण बघितले जातात. डीओईच्या नॅशनल लॅबमध्ये नोकरी असेल तर युनिव्हर्सिटीपेक्षा नियम खूप कडक, तिथे हे पान वाचून निर्णय घेऊ नका.

१९. ते रिसर्च सिक्युरिटी ट्रेनिंग कंपल्सरी आहे का?

हो. डीओईला १ मे २०२५ पासून, एनएसएफला त्याच वर्षाच्या अखेरीपासून. प्रपोजलच्या आधीच्या १२ महिन्यांत झालेलं असावं लागतं. तासाभराचं काम आहे, को-पीआयला पण आधीच आठवण करा, एकाचं राहिलं तरी सगळ्यांचं अडकतं.

२०. सेक्शन ११७ म्हणजे काय? तो मी भरायचा?

तो युनिव्हर्सिटी भरते. १९८६ पासून कायदा आहे, वर्षात एका परदेशी स्रोताकडून २,५०,००० डॉलर किंवा जास्त आलं की शिक्षण खात्याला कळवायचं, ३१ जानेवारी आणि ३१ जुलै अशा दोन तारखा. एनएसएफचा वेगळा वार्षिक रिपोर्ट आहे, तो ५०,००० डॉलरपासून पण फक्त त्या चार देशांसाठी. तुमचं काम एवढंच की परदेशी पैसा किंवा करार परस्पर डिपार्टमेंटच्या पातळीवर निपटवू नका, ऑफिसमधूनच जाऊ द्या.

२१. पेपरवर दोन अफिलिएशन टाकली तर चालतं का?

चालतं, फक्त दुसरं अफिलिएशन खरं असावं आणि वर सगळीकडे जाहीर केलेलं असावं. उगाच त्या संस्थेला बरं वाटावं म्हणून टाकू नका. एजन्सीवाले सगळ्यात आधी पेपरच वाचतात, आभाराच्या परिच्छेदातला परदेशी ग्रँट नंबर तर एका सर्चमध्ये सापडतो. तुमचा काही वाटा नसलेली को-ऑथरची ग्रँट असेल तर "अमुक यांना अमुक ग्रँटचं सहाय्य" असं आद्याक्षरांसकट लिहायला सांगा, म्हणजे ती तुमच्या नावावर मोजली जाणार नाही.

२२. मागच्या प्रपोजलमध्ये राहून गेलं. आता सांगितलं तर उलट अंगाशी येईल का?

आज ग्रँट ऑफिसला ईमेल करा, पीआयने थेट एजन्सीला लिहायचं नसतं, युनिव्हर्सिटी लिहिते. एनआयएचला राहिलेला अदर सपोर्ट लक्षात आल्यावर लगेच सुधारून द्यावा लागतो. एनएसएफमध्ये कळल्यापासून ३० दिवसांच्या आत संस्थेने कळवायचं. ईमेलमध्ये फक्त काय, कधीपासून, किती वेळ आणि किती पैसा एवढं लिहा, कारणमीमांसा नंतर. आणि जुनी वेबपेजेस काढायला लावणं, तारखा मागच्या टाकून पत्र मागवणं, असलं काहीही करू नका, साध्या विसरण्याचं त्यानेच लपवण्यात रूपांतर होतं.

२३. नाही सांगितलं तर खरंच काय होतं? नुसती भीती घालतात का?

बहुतेक प्रकरणं युनिव्हर्सिटीतच मिटतात, ग्रँट थांबते, खुलासा मागतात, काहींची नोकरी जाते. संस्थांना पैसे भरावे लागलेत: व्हॅन अँडेल इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०१९ मध्ये ५५ लाख डॉलर, स्टॅनफर्डने २०२३ मध्ये १९ लाख, क्लीव्हलँड क्लिनिकने २०२४ मध्ये ७६ लाख. हे सगळे फॉल्स क्लेम्स ॲक्टखालचे (खोटी माहिती देऊन सरकारी पैसा घेण्याविरुद्धचा कायदा) समझोते.

व्यक्तींवरच्या फौजदारी खटल्यांचा निकाल मात्र सरसकट एका बाजूने लागलेला नाही. हार्वर्डचे चार्ल्स लीबर डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरले, पण त्यांच्यावर चौकशीत खोटं बोलणं, टॅक्स आणि परदेशी बँक खातं लपवणं असे आरोप होते. एमआयटीच्या गँग चेन यांच्यावरचे आरोप जानेवारी २०२२ मध्ये मागे घेतले गेले. कॅन्ससच्या फ्रँकलिन ताओ यांना उरलेल्या एका आरोपात दोषी ठरवणारा निकाल पण जुलै २०२४ मध्ये अपील कोर्टाने रद्द केला, न सांगितलेल्या गोष्टीने ग्रँटच्या निर्णयावर परिणाम झाला असता हे सिद्ध झालं नाही म्हणून. पण तोवर त्यांच्या आयुष्याची वर्षं गेली होती.

लीबर प्रकरणावरून एक सांगतो, भारतातलं मानधन एनआरओ खात्यात जमा होत असेल तर ते इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवा, आणि सगळी परदेशी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) भरा.

२४. इतकं सगळं लिहिलं तर रिव्ह्यूअर मला संशयाने बघणार नाही का? त्यापेक्षा परदेशी काम बंदच करावं का?

बंद करणारे बरेच आहेत आणि मला ते चुकीचं वाटतं. कायद्यातच लिहिलंय की हे नियम वंश किंवा मूळ देश बघून कोणाला लक्ष्य करायला वापरायचे नाहीत, प्रत्यक्षात चिनी वंशाच्या लोकांना जे सोसावं लागलं ते बघता कोणाला भीती वाटली तर तीही समजते. पण एनएसएफच्या पॅनेलवर बसलेले लोक विज्ञान बघतात, सपोर्टची यादी मुख्यतः प्रोग्रॅम ऑफिसर आणि एजन्सीचे लोक ओव्हरलॅप शोधायला बघतात. स्वच्छ लिहिलेल्या परदेशी सहकार्याचा फायदा झालेली प्रपोजल्स पण भरपूर असतात.

२५. बायकोची भारतात बायोटेक कंपनी आहे, माझा काही संबंध नाही. मला का विचारतात?

अदर सपोर्टमध्ये ते येत नाही, तिथे फक्त तुमचं. पण एनआयएचच्या आर्थिक हितसंबंधाच्या नियमात जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं पण मोजतात. कंपनी शेअर बाजारात नसेल तर तिच्यातली जोडीदाराची कितीही लहान मालकी मोजली जाते, ५,००० ची मर्यादा तिथे फक्त मानधनाला आहे, आणि तिचा विषय तुमच्या युनिव्हर्सिटीतल्या कामाशी जुळत असेल तर फॉर्ममध्ये लिहायचं. नवीन शेअर घेतले किंवा वारशाने आले तरी ३० दिवसांत अपडेट करायचं. आणि त्याच कंपनीकडून तुम्ही लॅबसाठी रीएजंट विकत घेत असाल तर मग हा प्रश्न डिस्क्लोजरच्या पलीकडे गेला, खरेदी ऑफिसला सांगितल्याशिवाय पुढची ऑर्डर टाकू नका.